कार्ड रीडर घेताना

गेली तीन वर्षे आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘कॅमेरा कोणता घ्यावा?’ हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. लेन्स कोणती, बॅग कोणती, तिकाटणे कोणते, हेही लोक विचारतात. कार्ड रीडर कोणता घ्यावा, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड ज्यात खुपसायचे आणि जे संगणकाला जोडायचे, ती बोटभर लांबीची वस्तू. ती घेताना विचार तो काय करायचा? मिळेल ती, मिळेल तेथून घ्यावी, असा सर्वांचा समज असतो. माझाही होता. तो एका अनंत चतुर्दशीला पुरता उतरला. तेव्हापासून या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी जे शिकलो, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी हकिगत सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कशासाठी, ते ध्यानात येईल.

मी लालबागचा. आमची चाळ जुनी, मंडळही जुने. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालापासून सार्वजनिक गणपती बसतो, चिंचपोकळीच्या मंडळाने शंभरी ओलांडली, लालबागचा राजा १९३४ सालापासूनचा. अशा मातब्बरांच्या शेजारात आमच्या चाळीच्या गणपतीला कोण विचारतो? पण आम्हांला तोच राजा. त्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली होती. दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. जुन्या वास्तूतला तो शेवटचा गणपती. म्हणून मंडळाच्या अहवालात या वेळी भरपूर छायाचित्रे घ्यायची असे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले.

माझ्याजवळ ६४ गिगाबाइटची दोन कार्डे होती. पहिल्यावर चार-पाच दिवसांची मिळून सुमारे अठराशे छायाचित्रे साठली होती. विसर्जनाच्या सकाळी शेवटची आरती झाली. तळमजल्यावरच्या आजी, ज्यांनी साठएक वर्षे या गणपतीची ओवाळणी केली, त्या ताट घेऊन पुढे आल्या. मागे गॅलऱ्यांतून सारी चाळ ओणवलेली. कार्ड भरत आले होते. मी कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यातच बिघडलेली काही छायाचित्रे पुसून जागा केली आणि आरती टिपली. मग धावत वर जाऊन ते कार्ड लॅपटॉपला जोडले. रीडर रस्त्यावरच्या एका गाड्यावरून उचललेला, स्वस्तातला. खाली ढोलताशे सुरू झाले, हाका येऊ लागल्या. वीस मिनिटे झाली तरी पडद्यावरची पट्टी निम्म्याच्या जेमतेम पुढे सरकली होती. ‘उरलेले रात्री पाहू’ असे म्हणून मी कार्ड उपसले, खिशात टाकले आणि जिना उतरलो.

मिरवणूक श्रॉफ बिल्डिंगपाशी आली. तेथली पुष्पवृष्टी ज्याने पाहिली आहे, त्याला गर्दीची कल्पना द्यायला नको. नेमके तेव्हाच दुसरे कार्ड भरले. मी खिशातले पहिले काढून कॅमेऱ्यात घातले. ‘हे तर उतरवून झाले,’ असे मनाने सांगितले, आणि मी ते फॉर्मॅट केले. त्यानंतर भायखळा, नागपाडा, ऑपेरा हाउस करीत गिरगाव चौपाटीपर्यंत त्याच कार्डावर काढत राहिलो.

संगणक छायाचित्रांची नक्कल बहुधा क्रमाने करतो. पहिले आधी, शेवटचे शेवटी. आरती सर्वांत शेवटची होती. ती लॅपटॉपवर आलीच नव्हती.

दोष रीडरचा कमी आणि माझ्या घाईचा अधिक, हे मी नाकारत नाही. पण ती घाई का झाली? काम बारा मिनिटांत उरकले असते, तर कार्ड अर्ध्यावर उपसण्याचा मोह झालाच नसता. वेग ही येथे चैन नव्हती. येथून पुढे त्या वेगाचा हिशेब.

मेमरी कार्डात जी स्मृती असते, तिला फ्लॅश स्मृती म्हणतात. वीज गेली तरी तिच्यातले लिखाण टिकते. जपानमधील तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. आपण वापरतो ते टपाल तिकिटाएवढे एसडी कार्ड सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून १९९९ साली जाहीर केले. छत्तीस छायाचित्रांचा रोळ संपला की नवा घालायचा, हा काळ आमच्या वडिलांनी पाहिला. रोळ एकदा वापरला की संपला, तो पुन्हा कोरा होत नसे. कार्ड पुन्हा कोरे करता येते, ही त्याची मोठी सोय आहे आणि धोकाही तोच आहे.

आता वेग. कार्डातले छायाचित्र लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या डिस्कवर पोहोचेपर्यंत चार टप्पे पार करते : एक, स्वतः कार्ड, दोन, रीडर, तीन, संगणकाचे यूएसबीचे तोंड आणि असल्यास मधली केबल, चार, ज्यावर छायाचित्रे ठेवायची ती डिस्क. या चारांपैकी जो टप्पा सर्वांत मंद, त्याचाच वेग साऱ्या प्रवासाला मिळतो. संध्याकाळी दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जाणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. फलाट दोन्हीकडे ऐसपैस असतात. पण माणूस पोहोचतो तो मधल्या जिन्याच्या रुंदीप्रमाणे. फलाट आणखी रुंद केला म्हणून जिन्यावरची रांग कमी होत नाही. रीडर हा असाच मधला जिना आहे. मात्र कधी कधी अडचण जिन्यात नसून फलाटात असते, आणि तेव्हा महागडा रीडर घेऊनही पैसे पाण्यात जातात. म्हणून चारही टप्पे तपासून मगच दुकानात जावे.

पहिला टप्पा कार्डाचा. कार्डावर बरेच आकडे छापलेले असतात आणि ते पाहून माणूस गोंधळतो. त्यांतला सर्वांत ठळक आकडा बहुधा वाचनाच्या कमाल वेगाचा असतो, म्हणजे अनुकूल स्थितीत कार्डातून माहिती किती वेगाने बाहेर येईल त्याचा. इंग्रजी सीच्या कोंदणातला १०, यूच्या आतला ३, किंवा व्हीपुढचे ३०, ६०, ९० हे आकडे निराळे. ते लेखनाच्या किमान वेगाचे आहेत. व्ही ३० म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. चित्रीकरण करणाऱ्याला हे आकडे महत्त्वाचे; छायाचित्रे उतरवून घेताना मात्र वाचनाचाच वेग पाहावा.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे कार्डावरचा बारीक रोमन आकडा, एक किंवा दोन. एक असेल तर ते कार्ड यूएचएस-१ पद्धतीचे. या पद्धतीत माहितीच्या वाटेची प्रमाणित मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. प्रत्यक्षात नव्वदच्या आसपास मिळाले तरी पुष्कळ. दोन असेल तर ते यूएचएस-२. त्याची मर्यादा ३१२ मेगाबाइट. आकडा पुसला गेला असेल तर कार्ड उलटे करून पाहावे. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, यूएचएस-१ च्या पाठीवर एकच. ही दुसरी ओळ वाचण्याची सोय रीडरमध्येही असावी लागते. नसेल तर कार्ड चालते, पण पहिल्या पद्धतीच्या वेगाने. साध्या रीडरमध्ये भारी कार्ड घालणे म्हणजे दुपदरी गल्लीत चौपदरी रस्त्याची वाहतूक सोडण्यासारखे आहे.

येथे एक खाच आहे आणि तिच्यात पुष्कळ जण अडकतात. काही यूएचएस-१ कार्डांवर १७० किंवा २०० मेगाबाइट असा वेग छापलेला असतो. वाटेची मर्यादा १०४ असताना २०० कोठून आले? ते कंपनीने स्वतःच्या खास युक्तीने साधलेले असतात, आणि ती युक्ती समजणारा रीडर असेल तरच तो वेग मिळतो. इतर रीडरमध्ये तेच कार्ड गुमान नव्वदवर येते. अशा कार्डाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत तशी सूचना असते. घेण्यापूर्वी ती वाचावी.

दुसरा आणि तिसरा टप्पा, म्हणजे रीडर आणि यूएसबीचे तोंड, एकत्रच पाहावे लागतात. यूएसबीच्या पिढ्या आहेत. २००० साली आलेल्या यूएसबी २ चा वेग ४८० असे म्हणतात. हा आकडा ऐकून मी एकेकाळी भारावलो होतो. पण ते ४८० मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, आणि व्यवहारात तीस ते चाळीस. २००८ साली यूएसबी ३ आले. त्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, म्हणजे व्यवहारात चारशे मेगाबाइटच्या आसपास. एसडी कार्डाच्या वर सांगितलेल्या दोन्ही पद्धतींना एवढा पुरेसा आहे. १० गिगाबिटचे रीडरही मिळतात; पण व्यावसायिकांच्या कॅमेऱ्यांतली सीएफएक्स्प्रेस नावाची कार्डे ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनीच त्यांच्या मागे लागावे.

जुन्या लॅपटॉपवर यूएसबी ३ चे तोंड बहुधा आतून निळे असते. येथे मला माझी एक फजिती सांगितलीच पाहिजे. माझ्या लॅपटॉपला डाव्या बाजूला दोन काळी तोंडे आणि उजव्या बाजूला एक निळे. इतकी वर्षे त्या निळ्या तोंडात मी माउस जोडून बसलो होतो! ज्या माउसला वेगाची काडीची गरज नाही, तो हमरस्त्यावर. आणि अठराशे छायाचित्रे बोळातून.

टाइप-सी विषयीही एक गैरसमज आहे. टाइप-सी हे तोंडाच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. वरून टाइप-सी आणि आतून यूएसबी २, असे कितीतरी फोन, केबली आणि रीडर बाजारात आहेत. फोनसोबत मिळालेली केबल बहुतेक वेळा चार्जिंगपुरतीच बरी. ज्या रीडरला वेगळी केबल लागते, त्याची स्वतःची केबल सांभाळावी, हे उत्तम.

चौथा टप्पा डिस्कचा. फिरत्या तबकड्यांची बाहेरची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे मेगाबाइट लिहिते. फिरते भाग नसलेली एसएसडी, साधी असली तरी, पाचशेच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे ज्याची सारी छायाचित्रे फिरत्या डिस्कवर जातात, त्याने तीनशेचा रीडर घेऊन उपयोग नाही.

हे सारे एका हिशेबात मांडतो. ६४ गिगाबाइट म्हणजे सुमारे ६४,००० मेगाबाइट. सेकंदाला ३० मेगाबाइटने ते उतरवायला साडेपस्तीस मिनिटे लागतात. ९० ने जवळजवळ बारा मिनिटे. यूएचएस-२ चे कार्ड, तसाच रीडर, यूएसबी ३ आणि एसएसडी, असे चारही जुळून २५० मिळाले, तर सव्वाचार मिनिटे. छायाचित्रे लहान लहान आणि पुष्कळ असतील, तर प्रत्येकाची नोंद करण्यात थोडा वेळ आणखी जातो. लालबागच्या मोठ्या गणपतींच्या मिरवणुका वीस-वीस तास चालतात. २०२५ साली ६ सप्टेंबरला निघालेल्या लालबागच्या राजाचे विसर्जन ७ तारखेच्या रात्री झाले. अशा मिरवणुकीत कार्डे दोन-तीनदा रिकामी करावी लागतात. तेव्हा पस्तीस आणि बारा यांतला फरक केवळ आकड्यांचा राहत नाही.

या हिशेबानंतर माझी निवड सोपी झाली. माझी कार्डे यूएचएस-१, कॅमेराही तेवढाच, डिस्क फिरती. म्हणून मी यूएचएस-२ च्या वाटेला गेलो नाही. यूएसबी ३ चा, एसडी आणि मायक्रो एसडी अशी दोन खाचे असलेला साधा रीडर घेतला आणि माउसला डावीकडे हाकलले. साधा रीडर काही शेकड्यांत येतो. यूएचएस-२ चा त्याहून बराच महाग. पुढेमागे कॅमेरा बदलला तर तेव्हा पाहू.

खरेदीसाठी आपल्याला लांब जायला नको. कॅमेऱ्याच्या सामानासाठी फोर्टातला बोराबाजार आहे आणि संगणकाच्या सामानासाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग. जाताना आपले कार्ड आणि लॅपटॉप बरोबर न्यावा. कार्डावर दोन गिगाबाइटची एखादी चित्रफीत आधीच ठेवावी आणि दुकानदाराच्या परवानगीने तिची नक्कल करून घड्याळ लावावे. बावीस-तेवीस सेकंदांत झाली तर वेग नव्वदचा. मिनिट उलटून गेले तर वेष्टनावर काहीही छापलेले असो, तो यूएसबी २ चा व्यवहार आहे. मात्र एकाच फाइलची नक्कल लागोपाठ दोनदा करून पाहू नये. दुसऱ्या वेळी संगणक ती स्वतःच्या स्मृतीतून देतो आणि वेग खोटाच वाढलेला दिसतो.

वेगाखेरीज तीन गोष्टी हाताने पाहाव्यात. कार्ड खाचेत घट्ट बसते की डुगडुगते? नक्कल चालू असताना रीडरला चुकून धक्का लागला तर जोडणी तुटते का? दहा मिनिटांनी तो किती तापतो? थोडा तापणारच, पण हात लावता येणार नाही इतका तापणारा घेऊ नये. कॅमेराच केबलने लॅपटॉपला जोडून छायाचित्रे उतरवणारेही पुष्कळ आहेत. त्यात कॅमेऱ्याची बॅटरी खर्ची पडते आणि जुन्या कॅमेऱ्यांत यूएसबी २ च असते. नड भागवायला ठीक, रोजच्यासाठी नव्हे.

आता वेगानंतरची गोष्ट. परळचे एक वयस्क छायाचित्रकार माझी हकिगत ऐकून एवढेच म्हणाले, “बाळा, कार्ड हे पाकीट आहे. कपाट नव्हे.” पाकिटात पैसे दिवसभर बाळगावेत, घरी आल्यावर कपाटात ठेवावेत, आणि मोजून ठेवावेत. त्यांनी घालून दिलेले नियम मी आज पाळतो. छायाचित्रे कार्डावरून हलवायची नाहीत, नक्कल करायची. नक्कल झाल्यावर दोन्हीकडची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहायचा. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती झाल्याखेरीज कार्ड कोरे करायचे नाही. कोरे करायचे ते कॅमेऱ्यातच. कार्ड काढण्यापूर्वी संगणकाला तसे सांगून त्याची परवानगी घ्यायची. उतरवून झालेली कार्डे उजव्या खिशात, न झालेली डाव्या. आणि कितीही जागा कमी पडो, मधली मधली छायाचित्रे कॅमेऱ्यात पुसत बसायचे नाही.

हा शेवटचा नियम का, ते सांगून संपवतो. कार्ड फॉर्मॅट केले म्हणजे छायाचित्रे लगेच नष्ट होत नाहीत. पुसली जाते ती त्यांची अनुक्रमणिका. त्याच क्षणी कार्ड बाजूला ठेवले, तर योग्य प्रणालीने बरीचशी परत मिळतात. मी मात्र त्यावर चौपाटीपर्यंत काढत गेलो होतो. शिवाय सकाळी मधली छायाचित्रे पुसल्यामुळे आरतीची छायाचित्रे त्या रिकाम्या फटींत तुकड्यातुकड्यांनी लिहिली गेली होती. रात्रभर खटपट करून त्या आरतीचे एकच छायाचित्र हाती लागले, तेही अर्धे. छायाचित्र वरून खाली उलगडते. वरचा भाग आला : गॅलऱ्या, ओणवलेली माणसे, आजींचा चेहरा. खालचा भाग नुसता करडा.

तेच छापून मी आजींना नेऊन दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले, चाळीकडे बघितले, आपल्याकडे बघितले आणि विचारले, “माजे हात खंय गेले रे, झिला?”

मला उत्तर देता आले नाही. मेगाबाइट आणि मेगाबिट त्यांना काय सांगणार?

चाळ पुढे पाडली गेली. आजी लेकाकडे विरारला गेल्या. दुसऱ्या वर्षी मंडळाने रस्त्यापलीकडे छोटा मांडव घालून गणपती बसवला, तेव्हा त्या पहिल्या गाडीने आल्या आणि त्यांनी ओवाळले. मी छायाचित्रे काढली, कार्ड निळ्या तोंडात जोडले आणि पट्टी शेवटपर्यंत जाईतो जागचा हललो नाही. संख्या ताडली, दुसरी प्रत केली, मगच खाली उतरलो. या वेळी हात आले, ताट आले, निरांजनाची ज्योतही आली. मागे मात्र त्या गॅलऱ्या नव्हत्या.